तवंग काढणारे चाचा

नसरापूरचे चाचा घरात आले की माणसांआधी पाण्याला भेटत. चपला दारात, पिशवी खाली आणि नाक थेट आमच्या फिश टँकवर. डोळे मिटून हुंगायचे. तेवढ्यात कुणी "पाणी घेता का?" विचारलं तरी हात वर करून गप्प करायचे. मला राग यायचा. घर माझं आणि गप्पही मीच बसायचं!

नसरापुरात त्यांचं रंगीत माशांचं छोटं दुकान होतं आणि पार भोरपर्यंतच्या घरांतले टँक ते साफ करून देत. पिशवीत जुनी वर्तमानपत्रं असत, तीही फक्त काळीपांढरी पानं. "रंगीत नगं, शाई सुटती," म्हणायचे. शाळेत शिकवायला जायचं म्हणून मी घाई केली की शांतपणे सुनवायचे, "ताई, घाई आसंल तर पलाष्टिकचं मासं ठिवा."

टँक अण्णांसाठी होता. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. हिर्डोशीच्या वळणांवर गाडी चालवलेला त्यांचा उजवा हात अर्धांगवायूनं मांडीवर पडून राहिला होता. व्यायामाचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करत. माशांना दाणे टाकायला मात्र तो हात उठे. चिमटीत चार दाणे धरायला त्यांना पाच मिनिटं लागत आणि आई नि मी श्वास रोखून बघत असू.

एका सकाळी पाण्यावर तेलकट तवंग दिसला. मी वाटीनं काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. चौथ्या दिवशी सहापैकी दोन मासे उलटे तरंगत होते आणि उरलेले चार वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. अण्णांनी ते पाहिलं आणि उजवा हात मांडीखाली सारला. मी फोनवर चाचांच्या अंगावर अक्षरशः ओरडले.

ते शेअर रिक्षानं आले. हुंगलं. मग वर्तमानपत्राचं पान पाण्यावर अलगद पसरलं आणि एका कडेनं ओढून घेतलं. कागदावर चकचकीत डाग आला. दुसरं पान, तिसरं पान. एक मासा कलंडायला लागला होता. चाचांनी चौथं पान नाकाशी धरलं आणि त्यांची नजर अण्णांकडे गेली.

"ताई, च्या टाका की," ते म्हणाले आणि माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. "निरगुडीचं त्याल हाय. आन्नांच्या हाताचं."

वैद्यांनी दिलेल्या त्या नव्या तेलानं आई आठवडाभर रोज सकाळी अण्णांचा हात चोळत होती आणि लगेच ते दाणे टाकत होते! माझं डोकंच फिरलं. मी आईला हाक मारणार, तोच चाचांनी अडवलं.

"आन्नांला कळता कामा न्हाई. आपल्या हातानं मासं मेलं आसं वाटलं, तर त्यो हात परत उठायचा न्हाई."

बाहेर येऊन त्यांनी सगळा दोष पंपावर ढकलला. "पंपाचं त्वांड खाली ग्येलंतं. वरचं पाणी हलंना, मंग तवंग धरतो." पंप वर बसवला, निम्मं पाणी बदललं. "आन आन्ना, दाणं आता आंघुळीनंतर टाका. सकाळच्या पारी मासं सुस्त आसत्यात." इतकं सफाईदार खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चारही मासे जगले. अण्णांचा हात हळूहळू शर्टाच्या बटणापर्यंत पोचला.

गेल्या महिन्यात चाचा गेले. बातमी सांगताना मला रडू आवरेना आणि त्या भरात मी तेलाची गोष्टही बोलून गेले. अण्णांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग अडखळत म्हणाले, "ठावं व्हतं. माज्याच बोटांचा वास मला यायचा न्हाई व्हय?"

"मग दाणे कसे टाकत राहिलात?"

"माजा हात वाचवायला त्यानं खोटं बोलावं, आन म्या त्यो मांडीखाली ठिवावा?"

दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. तरी अण्णांनी उजवा हात पुढे केला आणि वर्तमानपत्र मागितलं. मी हाताला लागलं ते पान दिलं.

"रंगीत नगं," ते म्हणाले.