हर्णैच्या लिलावात आई

तीन महिने झाले तरी आई धाकटीकडून परत यायचं नाव काढेना, तेव्हा मीच हर्णैला गेले.

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला तिकडे शाळेत नोकरी लागली, तेव्हा निघताना ती धुळ्याच्या स्टँडवर माझ्या गळ्यात पडून रडली होती. "ताई, तिथं माझं कोण आहे गं?" मी तिची समजूत काढली. खरं सांगायचं तर मनातून मला बरंही वाटलं होतं. वडील गेल्यावर शिंदखेड्याचं घर बंद करून आई माझ्याकडे आली होती, आणि आता ती माझ्या एकटीचीच राहणार होती. मग धाकटीनं चार दिवसांसाठी म्हणून तिला बोलावून घेतलं.

मी पोचले तेव्हा घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "त्या दोघी लिलावाला गेल्यात."

बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या गुडघाभर पाण्यात शिरून होड्यांतला माल किनाऱ्यावर आणत होत्या. ओल्या वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, आणि त्यांच्याभोवती माणसांची कडी. अशाच एका कड्यात पुढे आई उभी होती, पदर खोचून. माझ्या सासऱ्यांसमोर जिचा आवाज कधी निघाला नाही, ती वाकून माशाचे कल्ले उघडून बघत होती आणि धाकटीला आमच्या अहिराणीत सांगत होती, "लाल शेतस. ताजं शे, ली ले."

मला पाहून ती हसली. टोपलीपाशी बसलेल्या कोळणीनं विचारलं, "आजी, पाहुणी का?"

"मनी मोठी पोर शे."

"मोठी? आम्हाला वाटलं, तुम्हाला एकच लेक."

तिचा काही दोष नव्हता. पण ते वाक्य मला लागलं ते लागलंच.

दुसऱ्या दिवशी समुद्रातला किल्ला बघायला होडीनं जायचं ठरलं. धाकटीनं हात दिला आणि आई लहान मुलीसारखी होडीत चढली. "डोकं दुखतंय," म्हणून मी किनाऱ्यावरच राहिले. होडी लांब जाईपर्यंत दोघींचं हसणं ऐकू येत होतं. माझ्या घरी आई इतकी कधी हसली होती, ते आठवत बसले. आठवेना.

जेवताना मी खोटं बोलले. "ह्यांची तब्येत बरी नसते. आई, तू चल माझ्याबरोबर." धाकटीनं माझ्याकडे नीट पाहिलं. आईनं लगेच पिशवी भरली.

धुळ्यात आल्यावर ठणठणीत जावई पाहून तिनं एका शब्दानं विचारलं नाही. रोज भाकरी टाकायची, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसायची, विचारलं तेवढंच बोलायची. बाराव्या दिवशी मीच म्हणाले, "आई, तुला तिकडे करमतं ना?"

"करमस," ती म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन, "तू बी ये ना माय. सुट्टीमा."

मीच धाकटीला फोन केला. दोन दिवसांनी तिचा नवरा आईला न्यायला आला. आई गेली. आता धाकटी रोज संध्याकाळी बंदरावरून व्हिडिओ कॉल लावते. मी दोन मिनिटं बोलते आणि गॅसवर काहीतरी आहे असं सांगून ठेवून देते.