खाली लोट्याची तालीम

"गटागट प्यायचं," गुरुजी म्हणाले. "पाणी नसलं तरी नरडं हललं पाहिजे."

आणि त्यांनी स्वतः करून दाखवलं. खाली, कोरडा पेला तोंडाला लावला, मान वर केली, कंठ तीनदा वरखाली केला. अख्खी आठवी हसली. मी हसली नाही. मी पितळेचा लोटा धरून उभी होती आणि लोट्यात थेंब नव्हता. माझं काम एवढंच होतं. लोटा वाकडा करायचा, पेल्यात काहीच नाही ते ओतायचं, मग हात जोडून म्हणायचं, "आज आपण सारे एक झालो."

पेला धरणार होता गावचा जमीनदार, मालगुजार. त्याच्या जागी तालमीला त्याचा पुतण्या उभा राहायचा. आमच्याच वर्गातला. दुसऱ्या दिवशी माझ्या लोट्याचा काठ त्याच्या पेल्याला लागला. त्यानं पेला फेकून दिला, विंचू चावल्यासारखा. पेला गरगरत ओसरीखाली गेला. मला वाटलं, गुरुजी आता त्याला रागावतात. गुरुजी माझ्याकडे वळले.

"जरा अंतर ठेवत जा गं पोरी. नाटकच आहे ते."

माझे कान तापले. पुतण्या हात झटकत उभा होता आणि मी माफी मागितल्यासारखी एक पाऊल मागं सरकली. ते एक पाऊल मला अजून चावते.

आमचं गाव पांढुर्णा आणि सौंसरच्या मधात. कापूस आणि संत्र्याचं गाव. म्हारवाड्यातून आठवीपर्यंत पोचलेली मी एकटी पोट्टी. बा गावचा कोतवाल. डफडं वाजवून दवंडी देणं, साहेब आला की त्याच्या घोड्यामागं पळणं, मालगुजारानं हाक मारली की असेल तसं उठणं, ही त्याची कोतवाली. मालगुजारी कायद्यानं गेली होती. मालगुजार कुठंच गेला नव्हता. शाळेची जागा त्याची, शाळा कमिटीचा अध्यक्ष तो, आमच्या वस्तीला कापूस वेचायचं काम देणारा बी तोच. आमचे लोक त्याच्या घराकडं तोंड करून थुंकत बी नसत.

शाळेत ओसरीवर रांजण होता. मी खाली उकिडवी बसायची, ओंजळ धरायची, कोणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी सोडायचा. मनात नाही आलं तर घरी जाईपर्यंत तशीच. आणि त्याच रांजणाच्या मागच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं होतं, नेहमी खरे बोलावे.

हे गुरुजी नीतीचा तास घेत. वाईट माणूस नव्हता तो. खादी घालायचा, हळू बोलायचा, सारी माणसं सारखी हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. नीतीच्या तासाला माझा पहिला नंबर. "तू मास्तरीण होशील," असं मला जन्मात पहिल्यांदा कोणी म्हटलं असेल तर त्यांनी. आठवीच्या परीक्षेचा फॉर्म तेच भरणार होते. परीक्षा झाली की छिंदवाड्याला मास्तर घडवणारं नॉर्मल स्कूल, मग मास्तरकी. त्या एका कागदावर माझं सारं जगणं टांगलेलं होतं. मला वाटायचं, हा माणूस माझा हाय.

त्या साली भाषेवरून राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर आमची राजधानी होती, ते पलीकडं गेलं. आम्ही भोपाळकडं राहिलो. कागदं हिंदीत येऊ लागली. मराठी शाळा राहते का जाते, कोणाला काही समजत नव्हतं. मास्तर लोकांचे चेहरे उतरलेले. अशात वरून हुकूम आला की नीतिशिक्षण नुसतं पुस्तकात नको, गावात न्या, गावकऱ्यांना सामील करा. पाहायला छिंदवाड्याहून इन्स्पेक्टर साहेब येणार. कमिटी बसली. गुरुजींनीच सुचवलं की भर चावडीपुढं म्हारवाड्यातल्या पोरीच्या हातून मालगुजारसाहेबांनी पाणी घ्यावं, पांढुर्ण्याहून फोटोवाला बोलवावा. मालगुजार हो म्हणाला. अट एकच घातली. पाणी नको.

गुरुजींनी ती अट मान्य केली. वरून मला समजावलं बी. म्हणे, एकदम नाही होत बदल, आधी डोळ्यांना सवय होऊ दे. मी मान हलवली. चौदा-पंधरा वर्षांची पोट्टी आणखी काय करते?

पण एक चूक त्यांच्या हातून झाली. पहिल्या तालमीनंतर मी लोटा ठेवायला कपाटापाशी गेली तर चपराशी आडवा आला. लोटा मालगुजाराच्या घरचा. आता त्याला माझा हात लागला होता. शाळेच्या कपाटात तो नको, मालगुजाराच्या स्वैपाकघरात तर मुळीच नको. दोघं तिघं लोट्याभोवती उभे राहून विचार करत राहिले. शेवटी गुरुजी म्हणाले, "असं कर, घरी घेऊन जा. रोज आणत जा, रोज नेत जा." त्यांचाच विटाळ, आणि त्याच विटाळापायी लोटा माझ्या हाती आला.

मायनं तो राखेनं घासून लख्ख केला. मग विचारलं, इतका चांगला लोटा आपल्या घरी काहून? मी सारं सांगितलं. माय आधी हसली. मग हसू थांबलं.

"म्हणजे पाणी आपलं नाई पाह्यजे, अन् फोटू आपला पाह्यजे," ती म्हणाली.

बा कोपऱ्यात डफड्याची वादी आवळून राहिला होता. दवंडी त्यालाच द्यायची होती. त्यानं वादीला आणखी एक पीळ दिला.

मी ठरवून केलं असं सांगितलं तर बरं दिसेल. पण खोटं कशाला बोलू. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नाल्यावरून जाताना आमच्या वस्तीचा झिरा लागला. रेतीत खोदलेला, स्वच्छ. मी थांबली. मनात एवढंच आलं की इतके दिवस हा लोटा हातात आहे, एकदा तरी भरलेला धरून पाहू. बुडवला. तो जड झाला. आणि मग काही केल्या ते पाणी सांडावं असं वाटलंच नाही. वर आंब्याची पानं ठेवून मी चालू लागली. 

चावडीपुढं गाव गोळा झालेलं. आमचे लोक दूर, लिंबाखाली. बाचं डफडं वाजून थांबलं. खुर्चीवर इन्स्पेक्टर साहेब, बाजूला गुरुजी, मधात पांढऱ्याशुभ्र धोतरातला मालगुजार, हातात चांदीचा पेला. फोटोवाल्यानं काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि म्हणाला, हिलना नहीं. मी पानं काढली. लोटा वाकडा केला.

पाण्याचा आवाज झाला. अख्ख्या चावडीनं ऐकला.

मालगुजाराचा हात पेल्याच्या वजनानं खाली गेला. त्यानं पेल्यात पाहिलं. मग माझ्याकडं. गुरुजींच्या तोंडाचा रंग उडाला.  मला वाटलं, आता एक तर हा पितो, नाही तर मला मारतो. दोन्ही केलं नाही त्यानं. माझ्या डोळ्यांवरची नजर न काढता त्यानं मनगट सावकाश कलतं केलं. सारं पाणी मातीत. त्याच्या जोड्यांवर चार थेंब उडाले. मग तो खाली पेला त्यानं तोंडाला लावला, मान वर केली, आणि कंठ तीनदा वरखाली केला.

घरी सराव केला होता त्यानं.

फोटो निघाला. पहिली टाळी गुरुजींनी वाजवली, मग साऱ्या गावानं. इन्स्पेक्टर साहेबांनी जमिनीवरच्या ओलीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, शेरेबुकात काहीतरी लिहिलं आणि "बहुत सुंदर" म्हणाले. मालगुजार माझ्याजवळून जाताना थांबला. आवाज मऊ होता.

"कोतवालाची पोट्टी ना तू?"

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस वेचायला आमच्या वस्तीतून एकालाही हाक आली नाही. भर वेचणीचे दिवस. शेतं पांढरी फट्ट, आणि बाया कमरेला कापसाच्या ओट्या बांधून दारात उभ्या. त्याच दिवशी मालगुजाराचा कारभारी वस्तीच्या तोंडाशी येऊन बाजेवर बसला. काही बोलला नाही. कोणाला शिवी दिली नाही. नुसता सुपारी कातरत बसला, आणि कोण कोणाच्या घरी जाते ते पाहत राहिला. तिसऱ्या दिवशीही बसला. चौथ्याही. पोट्टे त्याच्यासमोरून खेळायला जाईनासे झाले. मी शाळेत जाताना तो सुपारी कातरायचं थांबवायचा आणि मी नाला ओलांडेपर्यंत पुन्हा सुरू करायचा नाही. तो अडकित्त्याचा आवाज बंद पडला की मी पाय उचलून चालायची.

पाचव्या दिवशी बाया मायकडं आल्या. शेजारची काकू हात जोडूनच बोलली. म्हणे, पोरीनं माफी मागून टाकावी, आपल्याला कोठं राजवाडा पाह्यजे, चार दिवस काम भेटलं तर लेकरं जेवतील. माय त्यांच्यावर ओरडली नाही. ओरडायचं तरी कोणावर? त्यांच्या चुली थंड होत्या आणि त्या माझ्यापायी थंड होत्या. मी आत बसून ऐकत होती. मला माझाच राग आला, आणि त्या लोट्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या टाळ्यांचा.

शाळेत गुरुजींनी मला बाजूला घेतलं. शनिवारी नीतीच्या तासाला साऱ्या शाळेपुढं माफी वाचायची. मजकूर त्यांनीच लिहून आणला होता, आपल्या सुंदर अक्षरात. मी वाचला. मी खोडसाळपणाने लोट्यात पाणी आणले. तरीही मालगुजारसाहेबांनी मोठ्या मनाने ते प्राशन केले. मी त्यांची क्षमा मागते.

प्राशन केले. नेहमी खरे बोलावे असं शिकवणाऱ्या माणसानं आपल्या हातानं ते लिहिलं होतं. मी वर पाहिलं तर ते खिडकीबाहेर पाहत होते.

"तू वाच," ते म्हणाले, "मी तिथल्या तिथं फॉर्मवर सही करतो. वस्तीला कामही मिळेल. मी तुझ्या भल्याचंच सांगतो आहे."

शुक्रवारी संध्याकाळी मी तो कागद बाला वाचून दाखवला. मला वाटत होतं, तो म्हणेल वाचून टाक. तो म्हणाला असता तर मी वाचला असता, हे बी खरं सांगते. बा पायाचा अंगठा चोळत होता.

"मी जिनगीभर दवंडी देली," तो म्हणाला. "तोंड माह्यं, शब्द त्याईचे. तू पाह्य बापा, तुले काय करायचं ते."

शनिवारी सारी शाळा ओसरीत बसली. मालगुजाराचा पुतण्या पहिल्या ओळीत. कारभारी फाटकापाशी येऊन उभा होता. गुरुजींच्या मेजावर माझा फॉर्म, त्यावर दाबायला दौत. मी उठली. कागद उघडला. पहिली ओळ मनात वाचली. मग मी कागदाची घडी केली आणि मेजावर ठेवली.

"त्यांनी पाणी सांडलं, गुरुजी. साऱ्यांनी पाहिलं. तुम्ही बी पाहिलं."

"खाली बस," गुरुजी म्हणाले. आवाज फाटला त्यांचा.

"मी पाणी आणलं, त्याची माफी नाही मागणार. अन् ते प्याले म्हणून खोटं नाही बोलणार."

 गुरुजींनी फॉर्म उचलला, मेजाच्या खणात ठेवला आणि किल्ली फिरवली. मला वाटलं होतं मी रडीन. रडली नाही. आतून काहीतरी टणक झालं. मी फाटकातून कारभाऱ्याच्या अंगावरून बाहेर गेली आणि त्याला बाजूला सरकावं लागलं.

कोतवाली महिन्याभरात गेली. त्याआधी आमच्या घराचं कुडाचं कुंपण कोणीतरी दुपारी दिवसाढवळ्या पेटवलं. कोणी विझवायला आलं नाही, शेजारची काकू सोडून. आम्ही सौंसरला आत्याकडं निघून आलो. बा संत्र्याच्या बागेत ओझी वाहू लागला आणि तिथंच त्याची कंबर गेली. मी एक साल गमावून परीक्षा दिली, बाहेरून. मास्तरीण झाली. पण हे सुखाची गोष्ट म्हणून सांगून नाही राहिली. बाच्या कमरेची किंमत मी दिली नाही, त्यानं दिली. वस्तीतल्या लेकरांनी उपाशी दिवस काढले. ते माझ्या नावावर आहेत आणि राहतील.

म्हणूनच मी नीतीचा तास सोडत नाही. जिथं बदली झाली तिथं पहिल्या दिवशी पुस्तक मिटून मी पोरांना विचारते, या शाळेत कोण कोणाच्या हातचं पाणी पीत नाही? नावं सांगा. हेडमास्तर असला तर त्याच्यासमोर, सरपंच असला तर त्याच्यासमोर. यापायी माझ्या सात बदल्या झाल्या. सगळे सांगतात, बाई, जुनं कशाला उकरता, पोरांना चांगलं शिकवा. मी तेच करून राहिली.

गेल्या गावी माझ्या दारावर दगड आले. कोणी मारले ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याचं पोट्टं दुसऱ्या दिवशी माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसलं होतं, मान खाली घालून. मी त्याला उभं केलं.

त्यालाही तेच विचारलं, पाण्याचं.