टायटॅनियमवरचा अंगठा

हातातलं काम पुरं झालं की ते खाली ठेवण्याआधी चाचा त्यावरून एकदा उजवा अंगठा फिरवायचे. डोळे छताकडे आणि अंगठा धातूवर. मग म्हणायचे, "हात सांगते." काय सांगते ते आम्हाला कधी कळलं नाही. काही कमी वाटलं तर तुकडा मुकाट्याने परत पॉलिशच्या चाकावर जायचा, एवढंच. हात फिरवल्याशिवाय काम सोडायचं नाही, अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये असे हे एकच होते.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खामगावात चांदीच्या ताटल्या आणि पेले चमकवण्यात घालवली होती. पॉलिशची मशीन आली, हाताचं काम कमी झालं आणि चाचा आमच्याकडे कंत्राटी मदतनीस म्हणून आले. दर जूनला नेमणुकीची नवी ऑर्डर निघायची, तोवर ते सगळ्यांशी जरा बेतानेच बोलत. पिंपळगाव राजाहून पहिल्या एसटीने येत आणि शिपायाच्या आधी लॅबच्या दाराशी उभे असत.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ते ठेवत नसत. ज्या सरांच्या हातून लेथचं टूल मोडलं ते कायमचे 'टूलवाले सर' झाले. मी 'भट्टीवाल्या मॅडम', कारण माझी पीएचडी भट्टीवर चालली होती.

टायटॅनियमचे मिश्रधातू हलके, मजबूत आणि न गंजणारे. पण दुसऱ्या धातूवर घासले की लगेच चिकटतात, ओरखडतात, झिजतात. म्हणून वर कडक थर द्यायचा. मी रुपयाएवढ्या चकत्या भट्टीत तासन्‌तास तापवून त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढवत होते आणि मग पोलादी पिनवर घासून तो किती टिकतो ते पाहत होते. हे चाचांना समजावलं तेव्हा त्यांनी चकती तळहातावर घेऊन वजन पाहिलं. "एवढं महाग, अन् घासाले कच्चं?" माझ्या गाइडनी पहिल्या भेटीत तासभर सांगितलेलं चाचांनी चहा संपायच्या आत गाठलं होतं.

चकत्या आरशासारख्या घासायचं काम त्यांचं. मग त्या अ‍ॅसिटोनने धुवायच्या आणि भट्टीत ठेवायच्या. कशा, ते लिहिलेला कागद मी स्वतः भिंतीवर चिकटवला होता. म्हटलं, यात आहे तसं करा. कागद इंग्रजीत होता.

पहिल्या सहा चकत्या भट्टीतून बाहेर आल्या, तेव्हा प्रत्येकीच्या कडेला एक लांबट डाग होता. घासल्यावर थराचे पोपडे नेमके तिथूनच सुटले. विभागप्रमुख म्हणाले, भट्टी खराब आहे, उष्णता सारखी लागत नाही. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर सोयीचं वाटलं. भट्टी विकणाऱ्याला तक्रारीचं पत्र तयार झालं.

संध्याकाळी चाचांनी माझं भिंग मागून घेतलं, चकती दिव्याखाली धरली आणि शेजारी आपला अंगठा ठेवला. त्या अंगठ्यावर चांदीच्या चाकाने कापल्याची जुनी आडवी खूण होती. तीच आडवी रेघ डागाच्या टोकाला उमटली होती.

"मॅडम, पत्र पाठवू नका," ते म्हणाले. "हा माहा अंगठा हाय."

धुतल्यावर, चिमट्याने उचलण्याआधी, त्यांनी सवयीने प्रत्येक चकतीवरून हात फिरवला होता. घामातलं मीठ आणि हाताचं तेल भट्टीत भाजून निघालं आणि तेवढ्या जागी थर नीट बसलाच नाही.

त्या वर्षी एक कंत्राटी जागा कमी करायची चर्चा होती, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, राहू द्या चाचा, धुण्यात काहीतरी राहिलं असं मोघम सांगते, तुमचं नाव येणार नाही.

"जूनची ऑर्डर जवळ आली, मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "पण भट्टीवाल्याची काय चूक?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच प्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. मीही तिथे होते. एवढी साधी गोष्ट कशी कळली नाही, असं प्रमुखांनी विचारलं. कागद इंग्रजीत आहे आणि तो मी लावलाय, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी बोलले नाही. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती आणि माझ्या नावापुढे ही चूक मला नको होती. याची लाज आजही वाटते.

मे संपेपर्यंत चाचांनी तो थर खरवडून त्याच चकत्या नव्याने घासल्या. हातमोजे त्यांना मोठे व्हायचे, बोटांची टोकं लोंबायची. धुतलेल्या चकत्या समोर आल्या की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. एकदा मला म्हणाले, तुमीच ठेवा भट्टीत, माह्याच्यानं राहवत नाही. आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

जूनच्या ऑर्डरमध्ये त्यांचं नाव नव्हतं. चकत्यांची चाचणी त्यानंतर झाली. बिनथराच्या चकतीवर खोल चर पडला होता, थर दिलेल्यांवर नुसती पुसट रेघ.

मी पेढे घेऊन पिंपळगावला गेले. चाचींनी चहा ठेवला. चाचांनी पेढ्यांकडे पाहिलंच नाही, आधी विचारलं, "निघालं काय?" नाही म्हटल्यावर त्यांनी आत चाचींना हाक मारून सांगितलं की थर टिकला. एसटीत घोकलेली माफी माझ्या तोंडून काही बाहेर पडेना. निघताना ते दारापर्यंत आले.

"माह्या जागी जो येईन ना, त्याले पैल्याच दिवशी सांगजा, धुतल्यावर हात लावू नको म्हणून," ते म्हणाले. "मले कोणी सांगतलं नव्हतं."

आवाजात राग नव्हता. कामाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. सांगायला हवं होतं ते मी, हे त्यांना माहीत होतं की नाही, मला विचारवलं नाही.

परत आल्यावर तो कागद मी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला. त्यांच्या जागी अजून कोणाला घेतलेलं नाही. चकत्या मीच घासते.