व्हॅन कोण चालवणार

पन्नाशीला टेकलेल्या बाईनं काय करायचं, हे आपल्याकडं ठरलेलं असतं: गुडघ्यांना तेल, भजनी मंडळ आणि सुनेची वाट. मी शिक्षिकेची नोकरी सोडली आणि पोरांना शाळेत नेणारी व्हॅन घेतली. गाडी चालवायची हौस लहानपणापासूनची. फुलंब्रीहून मुद्दाम आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "माणूस शिकून वर जातं. तू शिकवून शिकवून खाली आलीस व्हय?"

व्हॅन येणार म्हटल्यावर मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीतल्या आयांनी पटापट पोरांची नावं दिली होती. ड्रायव्हर मीच, हे कळल्यावर तितक्याच पटापट कारणं आली. कुणाचे आजोबाच आता नातवाला सोडणार होते, कुणाचं अजून ठरायचं होतं. लायसन्स, बॅज, सगळं होतं माझ्याकडं. मिशी तेवढी नव्हती. मला रडू यायचं. नोकरी सोडून झाली होती आणि रिकामी व्हॅन फिरवून पोट भरत नाही.

व्हॅनच्या पूजेला मात्र गल्ली लोटली. पेढ्यांना कुणाची हरकत नव्हती. स्वस्तिक मी काढलं, हार मी घातला, चाकांपुढं लिंबं मी ठेवली. नारळ फोडला मोठ्या दिरांनी आणि किल्ली दिली माझ्या नवऱ्याला. पहिलं चाक घरच्या कर्त्यानंच हलवायचं, अशी आमच्याकडची रीत.

नवऱ्याला स्कूटरपलीकडं काही चालवता येत नाही. पण चारचौघांत 'मला येत नाही' म्हणणारा पुरुष आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय.

"किल्ली इकडं द्या," मी म्हणाले.

"शकुनाचं असतंय, तू थांब जरा," दीर म्हणाले.

नवरा ऐटीत बसला. लिंबं जागच्या जागी राहिली. व्हॅन उलटी सुटली आणि आमच्याच फाटकात जाऊन रुतली. खाली उतरून तो म्हणाला, "ब्रेक जरा कडक वाटतोय."

मी न विचारता किल्ली घेतली. फाटकातून व्हॅन सोडवली, लिंबांवरून नेली, दोन्हीकडं मोटारसायकली लावलेल्या गल्लीतून वळवून परत दारात आणली. टाळी कुणी वाजवली नाही. सगळे नवऱ्याला कुठं लागलं का, ते बघत होते.

संध्याकाळी ती आजोबांचं कारण सांगणारी शेजारीण आली. माझी उत्तरं पाठ होती: लायसन्स कधीचं, बॅज कुठला, सवय किती. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही.

"मॅडम, सोमवारपासून पोराला पाठवते," ती म्हणाली. मग आत टीव्ही बघत बसलेल्या नवऱ्याकडं नजर टाकून तिनं आवाज खाली आणला. "फक्त एक सांगा. तुम्हाला एखाद्या दिवशी बरं नसलं, तर साहेब नाय ना चालवणार?"