पस्तीस मिनिटांत मिळालेला दाखला

माझ्या मुलीचं नाव शाळेतून मीच काढलं, आणि त्या अर्जात एकही चूक नव्हती.

हे मी अभिमानाने सांगत नाही. एखादी चूक असती, एखादी झेरॉक्स कमी पडली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी महापेच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं तपासणी विभागात आहे. माल बाहेर जाण्याआधी शेवटची सही माझी असते. अपुरा कागद पुढे सरकवणं माझ्या हाताला जमत नाही. (बायकोला वाढदिवसाला लिहिलेल्या दोन पानी पत्रावर मी पान क्रमांक घातले होते. ती त्यावर बरेच दिवस काही बोलली नाही.)

प्रज्ञा तेव्हा नुकतीच नववीत गेली होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी जेवता जेवता तिने सांगितलं की तिला यापुढे शाळेत जायचं नाही. रडणं नाही, आदळआपट नाही. कोणी त्रास देत नव्हतं, कुठल्या बाईंशी वाकडं नव्हतं, आठवीत ती नापासही झाली नव्हती. मी विचारलं, मग काय करायचंय?

"काही नाही," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

गाणं शिकायचंय म्हणाली असती, केक करायचेत म्हणाली असती, तर मला विरोध तरी करता आला असता. या वयात पोरांना काहीतरी खूळ लागतं आणि आईबापांनी ते डोक्यातून काढायचं असतं, अशी साधारण पद्धत आहे. 'काही नाही' कसं काढायचं?

त्यातून माझी अडचण वेगळीच होती. सानपाड्याला आमच्या विहारात एक अभ्यासिका आहे. तिथे दर रविवारी सकाळी मी मुलांना गणित शिकवतो. पालक तिथेच गाठून सल्ला विचारतात. कोणाचा मुलगा वर्गात झोपतो, कोणाची मुलगी वही कोरी आणते. माझं मत ठाम होतं. ज्याला शिकायचंच नाही त्याला आठवीनंतर मोकळं करावं; कोंडून ठेवलं तर त्याचा वेळ जातो, शिक्षकांचा जातो आणि शेजारी बसलेल्याचाही जातो. हे मी निदान अकरा पालकांना ऐकवलं होतं. लोकांच्या मुलांबद्दल माझी मतं नेहमीच फार स्वच्छ असतात. प्रज्ञा त्या वेळी मागच्या बाकावर डोकं टेकून बसलेली असायची. ऐकत नाही असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी तिने ते वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शेजारी बसलेल्यासकट.

मी म्हटलं, आपण आकड्यांत बोलू. एक आठवडाभर रोज किती मिनिटं वर्गात तुझं लक्ष होतं, ते लिहून ठेव. तिने ठेवलं. (मुलगी माझीच.) शाळा रोज साडेपाच तास. त्यात लक्ष सरासरी बावीस मिनिटं, आणि त्यातली नऊ डब्याच्या सुट्टीतली. मी सरासरी दोनदा काढून पाहिली. बरोबर होती.

वंदना, म्हणजे माझी बायको, नेरूळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिचं म्हणणं, दोन आठवडे पोरीला काहीही बोलू नका, ताप आहे, उतरेल. पण काही न बोलणं ही काही योजना नव्हे. म्हणून योजना मी केली.

योजना सोपी होती. प्रज्ञाला घेऊन शाळेच्या ऑफिसात जायचं आणि तिच्यासमोर शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज द्यायचा. प्रत्यक्ष कागद पाहून ती घाबरेल. नाही घाबरली तरी हरकत नाही, कारण कुठल्याही ऑफिसात पहिल्या फेरीत काम होत नाही. मॅडम मीटिंगमध्ये असतात, शिक्का कपाटात असतो, कपाटाची किल्ली रजेवर असते. माझ्या हिशेबाने दाखल्याला तीन फेऱ्या पडणार होत्या. तेवढ्यात पोरगी वितळेल. माझी सगळी भिस्त दुसऱ्यांच्या ढिलाईवर होती.

आणि मग मी अर्ज लिहायला बसलो. तिथेच घात झाला.

लटका अर्ज लटकाच लिहावा, हे मला सुचलं नाही. मी आधारकार्डाच्या दोन्ही बाजू काढल्या. जन्माचा दाखला, आठवीचं प्रगतिपत्रक, माझं ओळखपत्र, तीन फोटो. ग्रंथालयाची दोन पुस्तकं परत देऊन 'काही येणे नाही' अशी सही आणली. सगळ्यांवर स्वाक्षरी केली, वर अनुक्रमणिका लावली, प्लास्टिकच्या फोल्डरात घातलं. 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना होता. तिथे लोक सर्रास 'स्थलांतर' लिहून मोकळे होतात. आम्ही कुठेही स्थलांतर करत नव्हतो. मी खरं ते लिहिलं: विद्यार्थिनीस शिक्षणात रस नाही.

शाळेच्या ऑफिसात म्हात्रे मॅडम असतात. इथल्याच गावच्या. त्यांनी फोल्डर उघडलं, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि अनुक्रमणिकेवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, बावीस वरसं इथं बसतंय मी. असा अर्ज पायला नाय. लोकं एक फोटोपन आनत नाय."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फारच बरं वाटलं! एकवीस वर्षांत कारखान्यात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या आनंदात दोन मिनिटं गेली आणि तेवढ्यात त्यांनी मोठं रजिस्टर काढलंही. मी घाईने म्हटलं, मॅडम, सावकाश होऊ दे, मी परवा येतो. त्या म्हणाल्या, छे, तुमी एवढं नीट केलंय, तुमाला फेरी कशाला. मी मुख्याध्यापिकांच्या सहीची आठवण केली. मुख्याध्यापिका नेमक्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी कारणाचा रकाना वाचला, प्रज्ञाकडे पाहिलं आणि सही करताना म्हणाल्या, "इतके प्रामाणिक पालक मिळत नाहीत हो हल्ली."

आता थांबवायचं, की तिला आणखी थोडं घाबरू द्यायचं? मी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं, पप्पा थांबवतील. मला वाटत होतं, ही थांबवेल. आम्ही दोघं असे बघत असताना म्हात्रे मॅडमनी शिक्का मारला. आत शिरल्यापासून पस्तीस मिनिटं झाली होती.

बाहेर फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "आता?"

मी म्हटलं, आता घरी. माझी योजना फाटकापर्यंतच होती.

वंदनाने दाखला दोन्ही हातांत धरून वाचला. कारणाच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "अहो, पेशंटला भीती दाखवायला आम्ही सुई दाखवतो. टोचत नाही."

दुसऱ्या दिवशी मी दाखला परत करायला गेलो. परत करायला! जणू काही मापापेक्षा मोठा शर्ट घेतला होता. म्हात्रे मॅडम हळहळल्या. सरकारी पोर्टलवरून नाव कालच उतरवलं होतं, आणि पोर्टलवर आता प्रज्ञा 'शाळाबाह्य' दिसत होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नाव परत चढवायचं तर शाळा समितीची संमती लागते आणि समितीची बैठक महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी. त्याआधी त्या स्वतः मुलीशी बोलणार. मुलीला शिकायची इच्छा आहे असं तिच्या तोंडून कळलं, तरच समितीकडे शिफारस. नाहीतर तुमच्याच अर्जात काय लिहिलंय ते बघा. आणि यंदा नाव चढलं नाही तर वर्ष गेलं.

शाळाबाह्य. हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. वीटभट्टीवरच्या मुलांच्या बातम्यांत. त्यात माझ्या घरचं नाव बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

माझे वडील मराठवाड्यातल्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा लांब होती आणि घरात राबायला हात कमी होते. तिथे त्यांची शाळा संपली. ते हल्ली करंजाड्याला माझ्या भावाकडे असतात. दर बुधवारी फोन करतात, आणि तब्येतीच्या आधी विचारतात, "पोरगी जाती का नीट शाळंत?" त्या बुधवारीही विचारलं.

"जाते, दादा," मी म्हणालो. वडिलांशी मी आयुष्यात तीनदा खोटं बोललोय. आधीच्या दोन्ही खेपा सिगारेटबद्दल होत्या.

बैठकीला तीन आठवडे होते. तेवढ्यात अभ्यास मागे पडू नये म्हणून मी कारखान्यातून साठलेली रजा काढली आणि घरीच शाळा सुरू केली. पस्तीस मिनिटांचे आठ तास, मोबाइलवर घंटा, भिंतीवर वेळापत्रक. हजेरी घ्यायचो. (पटावर एक. उपस्थित एक.) शिवाय मुलगी किती वेळा खिडकीबाहेर बघते याची वहीत नोंद ठेवायचो, म्हणजे सुधारणा मोजता येते. पहिल्या आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांपैकी एकोणचाळीस झाले. उरलेल्या नवांपैकी पाच वेळा ती झोपली आणि चार वेळा मी. इतिहासाच्या तासाला तिने मला विचारलं, पप्पा, तुम्हाला तरी यात इंटरेस्ट आहे का? मी पुस्तकात बघून पुढे वाचत राहिलो. नव्हता.

ती काही बहरली नाही, बिघडलीही नाही. शाळेत जशी कंटाळायची तशीच घरी कंटाळायची. फक्त इथे शेजारी कोणी नव्हतं. दुपारी सोसायटीच्या फाटकाशी शाळेच्या बस येऊन थांबत. ती गॅलरीत उभी राहून मुली उतरताना बघायची आणि शेवटची मुलगी आत गेली की आत यायची. त्याची नोंद मी वहीत केली नाही.

रविवारी अभ्यासिकेत एक बाई वाट बघत होत्या. धुणीभांडी करणाऱ्या. त्यांच्या मुलाबद्दल मी उन्हाळ्यात माझं ते स्वच्छ मत दिलं होतं. म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणला होता तसं करते. उद्या नाव काढते त्याचं."

मी म्हटलं, नाही. अजिबात नाही. त्या गोंधळल्या. मी कारण देईन म्हणून थांबल्या. एवढ्या लोकांना एवढी कारणं दिलेला मी, तेव्हा मात्र तोंडातून एकच निघालं, "बसू द्या त्याला. बसलेला असू द्या." त्यांनी मान हलवली. एवढं फुसकं उत्तर मी त्या खोलीत पहिल्यांदाच दिलं होतं.

तिसऱ्या शनिवारच्या सकाळी मी प्रज्ञाला एक कागद दिला. त्यावर चार वाक्यं होती. मला माझी चूक समजली आहे, शिक्षणाचं महत्त्व पटलं आहे, वगैरे. ती वाचून म्हणाली, "हे खरं नाहीये, पप्पा."

"माहितीय."

"मग खोटं बोलू?"

"हो," मी म्हटलं. "एवढ्या वेळी बोल."

मुख्याध्यापिकांनी तिला समोर बसवलं, मला बाजूला. शाळा आवडते का, विचारलं. नाही, ती म्हणाली. अभ्यास? नाही. कागद तिच्या मुठीत होता, चार घड्या घालून. शेवटी बाईंनी विचारलं, मग परत का यायचंय तुला?

"घरी पप्पा शिकवतात," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रोज आठ पिरियड. घंटा पण वाजवतात. मॅडम, इथे पण कंटाळा येतो. पण इथे बाकावर आणखी कोणीतरी असतं ना. आणि घरी कंटाळा आला की पप्पा तो वहीत लिहून ठेवतात."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाकडे वंदना बघते तसं.

"रविवारी पण?" त्यांनी मला विचारलं.

"रविवारी फक्त उजळणी," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी बेल दाबून म्हात्रे मॅडमना बोलावलं आणि म्हणाल्या, समितीला दुपारी मी सांगते, तुम्ही हिला आत्ताच वर्गात पाठवा, सोमवारपर्यंत थांबायला नको. मी म्हटलं, पण गणवेश नाही, दप्तर नाही. चालेल, त्या म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात माझ्याबद्दलचं त्यांचं मत पूर्ण आलं.

प्रज्ञा उठली. नववीचा वर्ग वऱ्हांड्याच्या पार टोकाला. खोलीच्या दारापर्यंत ती चालत गेली, मग पळत. माझी मुलगी, शाळेच्या वर्गाकडे, पळत! दारात उभं राहून बघताना माझे डोळे भरून आले. वर्गाच्या दाराशी ती थांबली आणि वळून तिने एकदाच मागे पाहिलं. मी हात वर केला, आणि तेव्हा लक्षात आलं, ती फक्त मी मागोमाग येत नाही ना, एवढंच बघत होती.