मरण्याआधीचं वाजवणं

लाम्ब्रोला राग यायला कारण लागत नाही, असं आमचं गाव म्हणतं. गाव खोटं बोलतं. कारणं ढीगभर होती, ती विचारायला कुणी तिच्या दारात आलं नाही इतकंच.

सगळ्यात ताजं कारण उजव्या बरगडीवर होतं. पाच वर्षांपूर्वी तिला नागीण झाली. फोड तीन आठवड्यांत सुकले, आग मात्र तिथेच मुक्कामाला राहिली. अंगातल्या कपड्याचा स्पर्श झाला तरी कळ मस्तकात जायची. संध्याकाळी, शेळ्यांच्या धारेच्या वेळी, तर विचारू नका. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गरगरायचं. एकदा ती दुधाच्या बादलीसकट गोठ्यात आडवी झाली, आणि शेळ्या तिच्या अंगावरून चालत बाहेर गेल्या. त्याच दिवशी तिने गोळ्या चुलीत टाकल्या.

खालच्या गावातल्या दवाखान्यात व्यायाम शिकवायला एक मुलगी आली होती. अथेन्सची. नाव दानाई. तिने लाम्ब्रोच्या कानांवर हेडफोन चढवले. आत लाटांचा आवाज, त्यामागे पियानो.

"आजी, फक्त ऐकायचं."

"हे काय आहे?"

"समुद्र."

"मी समुद्र दोनदा पाहिलाय, पोरी. दोन्ही वेळा बोटीत ओकले."

दानाई हसली. त्यामुळे लाम्ब्रोची तिडीक आणखी वाढली. पण मुलगी चिवट होती, तिने खुर्ची जवळ ओढली.

"मग तुमच्या आवडीचं ऐका. पण नीट ऐका. रोज एकाच वेळी, जास्त दुखतं तेव्हाच. खुर्चीवर बसायचं, हातात काहीही घ्यायचं नाही. एक वाद्य धरायचं आणि त्याच्या मागे मागे जायचं. दुखण्याला हाकलू नका, असू दे तिथे. मन तिकडे पळालं की न रागावता परत सुरावर आणायचं."

"चुकलेल्या शेळीसारखं?"

"तसंच. फक्त शिव्या न देता."

"शिव्या दिल्याशिवाय शेळी कधी आलीय का?" लाम्ब्रो म्हणाली आणि बस पकडायला निघाली.

पण चढावर बस घरघरत असताना ती एकाच गोष्टीवर अडली होती. हातात काहीही घ्यायचं नाही. एकाहत्तर वर्षांत ती रिकाम्या हातांनी कधी बसली होती? चर्चमध्ये म्हणावं, तर तिथेही हातात मेणबत्ती असायची.

तिने रेडिओ लावून पाहिला. नाचाची गाणी लागली की बरगडीत कुणी पाय आपटल्यासारखं व्हायचं. आपल्याला काय ऐकायचंय हे तिला खरं तर दवाखान्यातच कळलं होतं, आणि म्हणूनच ती एवढी चिडली होती. ते फक्त थिमिओसकडे होतं. थिमिओस म्हणजे तिचा नवरा.

वीस गावांत त्याच्यासारखा क्लॅरिनेटवाला नव्हता. चाळीस उन्हाळे तो जत्रा वाजवत फिरला. इकडे मुलीला ताप, गवताची कापणी, छपराचे दगड, सगळं लाम्ब्रोच्या गळ्यात. तो सकाळी यायचा, अंगाला त्सिपुरो दारूचा वास, कानात लोकांची वाहवा, आणि दारातूनच विचारायचा, शेळ्यांची धार काढलीस का?

आमच्याकडे जत्रा नाचाने सुरू होत नाही. आधी मिरोलोई वाजते, त्या वर्षी गेलेल्यांसाठीचा विलाप. शब्द नाहीत, नुसती क्लॅरिनेट, संथ, खालच्या सुरातून वर चढत जाणारी. तेवढा वेळ कुणी नाचत नाही, बोलत नाही, हातातला पेला खाली ठेवतात. हे सगळं दिवस मावळताना, म्हणजे नेमकं धारेच्या वेळी. चौकातून सूर चढावरच्या गोठ्यापर्यंत यायचे. पहिली दोन वळणं लाम्ब्रोला ऐकू यायची, मग बादलीत धार वाजायला लागायची आणि शेळ्या ओरडायच्या. पण त्या दोन वळणांत तिचे आवळलेले दात सैल व्हायचे. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही. का सांगावं?

आता मात्र तोंड उघडायची वेळ आली होती. अकरा दिवस तिने ते मिटून ठेवलं. बाराव्या संध्याकाळी आगीने तिचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा ती अंगणात येऊन म्हणाली, "पेटी काढ खाली."

"कसली पेटी?"

"तुझ्या दुसऱ्या बायकोची."

थिमिओसने तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "कवळी बसवल्यापासून फुंकर टिकत नाही. तीन वर्षं झाली, ठाऊक आहे तुला. नाच वाजवणं आता जमायचं नाही."

"नाच कोण मागतंय? मिरोलोई वाजव."

त्याने घाईघाईने छातीवर क्रुसाची खूण केली. "घरात? जिवंत माणसापुढे? मरण बोलावतेस की काय?"

"चाळीस वर्षं वीस गावांच्या मेलेल्यांना ऐकवलंस. मी मेले की मलाही ऐकवशील, रडत रडत, आणि लोक म्हणतील, काय वाजवलं म्हाताऱ्याने! मला तेव्हा ऐकू येणार नाही, थिमिओ. मला आत्ता दुखतंय."

थिमिओस उठला. कपाटावरून पेटी काढली, रीडची वाळलेली पट्टी जिभेवर ओली करत बसला, कवळीला चिकटवायचं मलम दुप्पट लावलं. लाम्ब्रो खुर्चीत बसली. हात मांडीवर ठेवले. ते तिथे परक्याचे वाटत होते.

पहिला सूर थुंकीत अडकला. दुसरा लागला. ती त्याच्या मागे निघाली. मन बरगडीकडे पळालं, तिने परत आणलं. मग गोठ्याकडे पळालं. मग मुलीच्या तापाच्या त्या उन्हाळ्याकडे पळालं, आणि राग असा उसळला की समोरच्याच्या हातातलं वाद्य हिसकावून मोडावं. तोही असू दिला. पुन्हा सूर. दोन वळणं संपली आणि तिसरं आलं, जे तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. बरगडीतली आग विझली नव्हती, पण पेटती चूल कुणी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवावी तशी लांब गेली होती. लाम्ब्रोने पाच वर्षांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

आणि चर्चची घंटा वाजायला लागली. सावकाश, एकेक ठोका, माणूस गेल्यावर वाजते तशी.

गल्लीपलीकडच्या हायदोने विलाप ऐकला होता. ऐन संध्याकाळी लाम्ब्रोच्या अंगणातून मिरोलोई, तिने दुसरं काय समजायचं? धावत जाऊन दोर तिनेच ओढला. थोड्याच वेळात फाटक ढकलून ती आत आली, डोक्याला काळा रुमाल, हातात मेणबत्ती. मागे चार बायका, एकीच्या हातात शोकाच्या घरी देतात त्या कॉफीचा डबा, दुसरीच्या हातात ब्रँडी.

"अगं माझ्या लाम्ब्रो, सोन्यासारखी बाई गं..." हायदोने सूर लावला आणि खुर्चीकडे पाहून तिचं तोंड उघडंच राहिलं.

थिमिओस थांबला. चूल परत बरगडीत आली.

"सोन्यासारखी?" लाम्ब्रो म्हणाली. "परवा झऱ्यावर तर खाष्ट म्हणालीस."

"तू... मग हा वाजवतोय कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हायदोने हळूच विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?"

"वाटत होतं. आत्ता, तू येईपर्यंत." तिचा आवाज चढला. "ही मिरोलोई मी एकदाही पूर्ण ऐकलेली नाही. तुम्ही सगळ्यांनी ऐकलीत, दरवर्षी, पेला खाली ठेवून. मी नाही."

"एकदाही नाही?" थिमिओसने विचारलं.

"तू चौकात वाजवायचास तेव्हा धार कोण काढत होतं? पाद्री?"

थिमिओसने क्लॅरिनेट गुडघ्यावर ठेवली. "मला वाटायचं, तुला आवडत नाही."

"विचारलं होतंस?"

त्याने विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं बायको चौकात का नाही, हा प्रश्न त्या माणसाला पडला नव्हता. आता पडला, आणि त्याचा चेहरा कवळी काढल्यासारखा आत बसला. लाम्ब्रोला त्याची दया आली नाही. यायला हवी होती असं मलाही वाटत नाही.

तेवढ्यात गोठ्यातून शेळ्या ओरडू लागल्या. वेळ झाली होती. लाम्ब्रोचे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले, ती अर्धी उठली. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं आणि खाली बसली.

"हायदो, ती मेणबत्ती ठेव. बादली दाराशी आहे. अकरा शेळ्या आहेत, काळी लाथ मारते."

"अगं, आम्ही रडायला आलो होतो."

"मग धार काढता काढता रडा."

तिने रिकामे हात पुन्हा मांडीवर ठेवले आणि नवऱ्याकडे वळली.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "आणि या वेळी शेवटपर्यंत."