दोनदा मोजलेली बाई

घराबाहेर पडताना घरातल्या प्रत्येकाला सांगायचं. झोपलेल्याला उठवून सांगायचं. गाडी सुरू करण्याआधी आतली माणसं मोजायची, दोनच असली तरी. बरण्यांवर तारखा चिकटवायच्या. शेजारच्या दारात वर्तमानपत्र तसंच पडून राहिलंय का, ते नऊ वाजता खिडकीतून बघायचं. स्वयंपाकघरात दोन घड्याळं. एक इथलं, मिशिगनमधल्या नोव्हायचं आणि एक तीन तास मागे, मुलीच्या गावचं, सनीव्हेलचं. दुसऱ्या घड्याळात सात वाजल्याशिवाय तिकडे फोन करायचा नाही. सात वाजून गेल्यावरही बहुतेक वेळा करायचा नाही.

प्रतिमाकाकूंच्या या सवयी रीमाला पहिल्या महिन्यातच पाठ झाल्या. रीमा नागपूरची. मराठी घेऊन एम.ए. केलेली, आता ग्रंथालयशास्त्र शिकायला मिशिगनला आलेली. ओळखीतून काकूंच्या घरातली वरची खोली मिळाली होती. पहिल्याच रविवारी सकाळी साडेसहाला खोलीचं दार वाजलं. रीमा धडपडत उठली.

"दूध आणायला चाललेय गं. येते."

"काकू, चिठ्ठी ठेवायची ना!"

"चिठ्ठी कोण वाचतं? झोप तू."

खाली गुरुनाथकाका चहा पीत बसले होते. ते मोटारींच्या कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले इंजिनिअर. "तुझी एक झोप गेली," ते म्हणाले. "माझी कित्येक वर्षांची गेलीय. मागे माझं ऑपरेशन झालं. भूल पुरती उतरली नव्हती, तर हिने कानाशी येऊन सांगितलं, मी कॅफेटेरियात चाललेय."

"आणि तुम्ही म्हणालात, इडली असेल तर आण," काकू दारातून म्हणाल्या.

काकूंचा गुरुवार मात्र वेगळा असायचा. त्या दिवशी त्या गावच्या लायब्ररीत जात. तिथे एका कोपऱ्यात लोक आपापली घराणी शोधत बसतात, जुनी कागदपत्रं, जहाजांच्या याद्या, शिरगणतीची पानं. काकू त्यांना मदत करत. त्यांना स्वतःला शोधायचं होतं ते एकच घराणं, आणि ते त्यांचं नव्हतं. ते होतं शेजारच्या मिस्टर मॉरिसनचं.

मॉरिसन एक्क्याऐंशी वर्षांचे. बायको गेलेली. जन्म कॅनडातला, ओंटारिओचा. तरुणपणी डेट्रॉइटच्या कारखान्यात साचे बनवायला आले आणि इकडेच राहिले. त्यांच्याकडे एक जाडजूड बायबल होतं. पहिल्या पानावर सात मुलांची नावं. खापरपणजोबा जॉन आणि खापरपणजी कॅथरीन यांची ही मुलं. सहा जणांपुढे जन्म, लग्न, मृत्यू सगळं लिहिलेलं. सगळ्यात थोरल्या पेगीपुढे फक्त जन्म, १८४७.

बाकीचं कागदांनी सांगितलं होतं. १८५१च्या मार्चमध्ये स्कॉटलंडच्या लुइस बेटावर शिरगणती झाली. तिच्यात चार वर्षांची पेगी तिच्या आईच्या आईवडिलांच्या घरात मोजलेली आहे. त्या बेटावर बटाट्याचं पीक काही वर्षं सडत होतं. त्याच उन्हाळ्यात कितीतरी कुटुंबांना जहाजात बसवून कॅनडाला पाठवलं गेलं. जॉन आणि कॅथरीन दोन तान्ह्या-रांगत्या पोरांना घेऊन क्वेबेकला उतरले. पेगी बरोबर नव्हती.

"आपण मूल टाकून आलेल्यांची माणसं आहोत, असं माझी आजी म्हणायची," मॉरिसन एकदा कुंपणापाशी म्हणाले होते. हवेबद्दल बोलावं तसं म्हणाले होते.

"टाकून नाही," काकू मराठीतच बोलून गेल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "बघू या. कागद कुठेयत?"

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून शोध मॉरिसनचा कमी आणि काकूंचा जास्त झाला होता.

ऑक्टोबरात दोघं ओंटारिओतल्या एका जुन्या कबरस्तानात जाऊन आले. गाडीने चार तास, मध्ये सरहद्दीवरचा सार्नियाचा पूल. रीमाकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता, ती घरीच राहिली. संध्याकाळी मॉरिसन हसत हसत आत आले. दगडांवरची अक्षरं झिजलेली होती, वाचता येत नव्हती. काकूंनी पर्समधून रांगोळीची पिशवी काढली, एका दगडावर चिमूट टाकली आणि बोटाने अक्षरांत भरायला लागल्या. तेवढ्यात तिथला रखवालदार लांबून ओरडत आला. दगडाच्या भुकटीने दगड खरवडतो म्हणे.

"अक्षर छान दिसत होतं पण," काकू म्हणाल्या.

"तो म्हणाला, पुन्हा पावडर आणलीत तर फाटक बंद. मग मी गाडीतून आरसा आणला. आरशाने तिरपं ऊन पाडलं की अक्षरांच्या सावल्या पडतात. तीन रांगा झाल्या, चौथी राहिली," मॉरिसन म्हणाले.

पेगी तीन रांगांत कुठेच नव्हती.

डिसेंबरात आश्लेषाचा फोन आला. आश्लेषा काकूंची एकुलती एक मुलगी, सनीव्हेलला कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तिला मेमध्ये बाळ होणार होतं. काकूंनी फोनवर लोह, कॅल्शियम, खजूर सगळं विचारलं. "मी येऊ का" एवढं विचारलं नाही. आश्लेषानेही "ये" म्हटलं नाही. जानेवारी गेला. फेब्रुवारी आला. दुसऱ्या घड्याळाकडे बघणं तेवढं वाढलं.

"अगं, विचारून टाक की," काका म्हणायचे.

"बोलावल्याशिवाय नाही जाणार."

"स्वतःच्या मुलीकडे?"

"स्वतःच्या मुलीकडेच."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी काकू डिंक तळत होत्या. बाहेर गुडघाभर बर्फ. रीमाने विचारलं, "लाडू कुणासाठी?"

"दुकानात डिंक चांगला दिसला, म्हणून."

"काकू, तुम्ही आश्लेषाकडे का जात नाही?"

काकूंनी गॅस बारीक केला. झाऱ्यातला डिंक कागदावर काढला. मग पाठमोऱ्याच बोलल्या.

सत्त्याण्णव साली काकांना इथे नोकरी लागली. तिघांचे व्हिसा करायचे होते. आश्लेषाच्या कागदांत एक चूक निघाली. दोन महिन्यांत सुटेल, तोवर मुलीला अकोल्याला मामाकडे ठेवू, असं ठरलं. ती दोन वर्षांची होती. निघायच्या दिवशी वहिनी म्हणाली, आत्ता झोपलीय तोवर निघा, जागी झाली तर तुमचा पाय निघणार नाही. काकू निघाल्या. दोन महिन्यांचे एकोणीस महिने झाले.

"मी न्यायला मुंबईला उतरले तर मामीच्या साडीमागे लपली. मामीला आई म्हणत होती. सोळा वर्षांची असताना एकदा भांडणात म्हणाली, यू लेफ्ट मी स्लीपिंग. एकदाच म्हणाली. तेव्हापासून मी कुणाला झोपलेलं सोडून बाहेर पडले नाही." त्यांनी डिंकाची दुसरी मूठ तुपात सोडली. "आता तिला मी तिथे हवी असेन, असं मी कशावरून धरू?"

 सहा महिने रीमा या बाईच्या दार वाजवण्यावर कुरकुरत होती. एम.ए.ला तिने पानंच्या पानं वाचली होती. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, "मग तिला मुंबईपर्यंत कोणी आणलं?"

"दादाने. मामाच तर..."

काकूंचा हात झाऱ्यावर थांबला.

"मामा," त्या म्हणाल्या. "रीमा, आम्ही वेडी माणसं. दोन वर्षं मॉरिसन, मॉरिसन शोधतोय. पोरगी आजोळी होती. आजोळचं कोण आलं कॅनडाला?"

डिंक करपला. त्या लॅपटॉपपाशी जाऊन बसल्या होत्या.

कॅथरीनचा भाऊ नॉर्मन मॅक्लाउड १८५४ला आलेला होता. १८६१च्या शिरगणतीत त्याच्या घरात पाच पोरं होती. प्रगणकाने पहिल्या पोराचं आडनाव लिहून बाकीच्यांपुढे 'वरीलप्रमाणे'ची खूण केली होती. शेवटचं नाव पेगी. वय चौदा. तिच्या लग्नाची नोंदही सापडली, १८७० सालची. नवरीचं आडनाव मॅक्लाउड. गाव तिला मामाच्याच आडनावाने ओळखत असणार. पण आईवडिलांच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं, जॉन मॉरिसन आणि कॅथरीन.

मॉरिसन बर्फातून धापा टाकत आले. पान पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"आली म्हणजे ती," ते म्हणाले. "तीन वर्षांनी का होईना, आणली तिला." मग लाडू मागितला. करपलेल्या डिंकाचा होता, तरी दोन खाल्ले.

काकू मात्र हसल्या नाहीत. ते गेल्यावर त्यांनी नकाशा उघडला. मामाचं शेत आणि आईबापांचं शेत, मध्ये अकरा मैल.

"समुद्र ओलांडून आली," त्या रीमाला म्हणाल्या. "पण आईकडे नाही आली. मामीकडेच राहिली. कमीत कमी सात वर्षं. आडनावसुद्धा त्यांचंच."

त्या आठवड्यात त्या लायब्ररीत गेल्या नाहीत. सनीव्हेलचं घड्याळ बंद पडलं, तरी सेल बदलला नाही. काकांनी बदलला.

मार्चअखेरीस रीमा वर्गातल्या एका कामासाठी १८७१ची पानं चाळत होती. सहज म्हणून तिने पेगीच्या नवऱ्याचं नाव टाकलं. पान उघडलं, मामाच्याच गावचं. नवरा, वय अठ्ठावीस. पेगी, चोवीस. एक तान्हं बाळ, त्याच्या नावावर शाईचा डाग, पुढे जन्माचा महिना मार्च. आणि चौथं नाव, कॅथरीन मॉरिसन, वय सत्तेचाळीस.

रीमाने पान काकूंपुढे ठेवलं.

"ही ती नाही," काकूंनी लगेच सांगितलं. "ही मला ठाऊक आहे. आपली कॅथरीन जॉनच्या घरात मोजलेली आहे, त्याच वर्षी, वय सत्तेचाळीस. ही दुसरी कोणीतरी. इंटरनेटवर सगळ्यांनी तसंच लिहिलंय."

"नातं काय लिहिलंय?"

"त्या वर्षी नात्याचा रकानाच नव्हता."

"बाळ किती दिवसांचं असेल?"

"गणती दोन एप्रिलची. बाळ मार्चमधलं. म्हणजे चार आठवडे, फार तर..."

 काकूंनी खुर्ची पुढे ओढली. बोट बाळाच्या ओळीवरून खालच्या ओळीवर नेलं आणि तिथेच ठेवलं. मग त्या एकदम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो, ऐकलंत का! या लोकांनी दोन बायका केल्यात हिच्या!"

काका पेपर घेऊनच आले. "कोणाच्या?"

"कॅथरीनच्या. एकच आहे ती! लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. इकडे नवऱ्याने सांगितलं, बायको आहे, लिहा. तिकडे हिने स्वतः सांगितलं असेल, मी आहे, लिहा. दोनदा मोजली गेली."

"बाळंतपणाला गेलेली बाई महिन्याभरात परत येते होय?" काका म्हणाले. "आश्लेषाच्या वेळी तू माझ्या बहिणीला सव्वा महिना ठेवून घेतलं होतंस."

"तेच तर म्हणतेय!"

रीमा त्या दोन ओळींकडे बघत राहिली. शंभर लोकांनी ते पान पाहिलं असेल. तिनेही आत्ताच पाहिलं होतं, आणि तिला चार नावं दिसली होती.

"तिला पेगीने बोलावलं असेल का?" तिने विचारलं.

काकूंनी पानावरून नजर काढली नाही. "ते कसं कळणार? ते कोणी लिहीत नाही." मग म्हणाल्या, "तिथे मार्चमध्ये अजून बर्फ असतं. अकरा मैल. बोलावणं आलं नसेलही. गेली."

त्या उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या घड्याळात सात वाजायला वीस मिनिटं होती. काकूंनी फोन उचलला. काका काही बोलणार होते, रीमाने त्यांचा हात धरला.

पहिल्याच रिंगला आवाज आला. स्पीकर चालू होता.

"आई? एव्हरीथिंग ओके? इथे सात पण नाही वाजलेत."

"हो, सगळं ठीक. आशू, मी येऊ का? तुझ्या बाळंतपणाला?"

 काकूंनी ओट्याची कड धरली.

"आई, आय वॉज वेटिंग फॉर यू टू आस्क."

"मग तू बोलवायचं नाही का गं?"

"तू विचारलं नाहीस! आय थॉट यू डिडन्ट वॉन्ट टू कम. दर वेळी आपलं लोह आणि खजूर. मी अकोल्याला फोन केला तर मामी इतकी ओरडली मला. म्हणाली, आधी आईला फोन कर, मग माझ्याशी बोल. मला ते पण जमेना."

"वहिनी ओरडली?"

"यू हॅव नो आयडिया. आई, रडतेयस का?"

"नाही गं. डिंक तळतेय, धूर झालाय."

"सकाळी सकाळी? हू इज दॅट फॉर?"

"तुझ्यासाठी," काकू म्हणाल्या. "पहिला करपला."

काका खुर्चीत बसले आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता.

"लवकर ये," आश्लेषा म्हणाली. "मेची वाट नको बघू. मला कमरेने बसवत नाहीये. आणि तीन महिन्यांच्या आत परत जायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."

गुरुवारचं तिकीट मिळालं. मॉरिसनबरोबर ओंटारिओला जायचं ठरलं होतं शनिवारी. बर्फ वितळलं होतं, रखवालदाराने फाटक उघडायचं कबूल केलं होतं. काकूंच्या ते लक्षातही राहिलं नाही. दोन दिवस त्या भाजणी, लाडू आणि जुन्या सुती साड्या बॅगेत कोंबत होत्या. गुरुवारी सकाळी सहाला त्या रीमाच्या दारापाशी आल्या. रीमा त्या दिवशी आधीच उठून बसली होती.

"येते गं," काकू म्हणाल्या. खाली गाडीत बसल्यावर त्यांनी माणसं मोजली की नाही, ते वरून दिसलं नाही.

शनिवारी सकाळी मॉरिसन कोट घालून, थर्मास घेऊन दारात उभे. रीमाने त्यांना आत बोलावलं, सगळं सांगितलं. जेवणाच्या टेबलावर त्यांचा वंशवृक्ष पसरलेला होता, काकूंनी जोडलेल्या मोठ्या कागदांवर. पेगीच्या नावापुढची जागा भरली होती. जहाज, मामाचं घर, लग्न. कॅथरीनच्या नावाखाली काकूंच्या अक्षरात '१८७१' लिहिलेलं, त्याच्याखाली दोन रेघा. पेगीच्या खाली पेन्सिलीने एक चौकोन काढलेला होता. त्यात 'बाळ, मार्च' एवढंच होतं.

"नाव?" मॉरिसननी विचारलं.

"पानावर डाग आहे. दगडावर सापडेल असं त्या म्हणत होत्या. चौथ्या रांगेत."

"तू चलशील?"

"माझ्याकडे कॅनडाचा व्हिसा नाही."

मॉरिसननी थर्मास टेबलावर ठेवला. बराच वेळ चौकोनाकडे बघितलं. पेन्सिल त्याच्या शेजारीच पडली होती.

"प्रतिमाला सांग, ती परत आली की जाऊ," ते म्हणाले. "आरसा माझ्या गॅरेजमध्ये आहे."